नारायणस्वामींच्या कादंबरीचे गुणदोष

"आधी दोष सांगावे," नारायणस्वामी म्हणाले. "गुण मला ठाऊक आहेत."

आशिषने हातातलं अर्धं केळ्याचं भजं न चावताच गिळलं.

मागच्या रविवारी वेस्ट मांबलमच्या याच फ्लॅटमध्ये तो आईवडिलांना घेऊन मुलगी बघायला आला होता. शिरा झाला, भजी झाली, श्रीविद्या दोनदा हसली. निघताना नारळ देतील म्हणून त्याने हात पुढे केले, तर मुलीच्या बापाने त्यावर हाताने लिहिलेली चारशे बारा पानं ठेवली. 'नागलोकीचा जावई'. अद्भुतरम्य प्रेमकथा, लेखकाची पहिलीच. आठ दिवसांत वाचून गुणदोष सांगावेत, मग पुढचं बोलू. आईवडील साताऱ्याला परत गेले. आशिष वेलचेरीच्या आपल्या खोलीवर येऊन वाचत बसला.

"पहिला मुलगा म्हणाला, सगळं चांगलं," श्रीविद्याची आई, विशालाक्षीबाई, कॉफी ठेवता ठेवता पुटपुटल्या. "हे म्हणाले, लबाड. दुसरा म्हणाला, सगळं वाईट. हे म्हणाले, उद्धट. तुम्ही मधलं काही सांगा, पा."

तंजावरकडची ही मराठी ऐकली की आपल्याला कोणीतरी बखरीतून सल्ला देतंय असं आशिषला वाटे.

आशिष एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. त्याला पगारच चुका काढण्याचा मिळत होता. सवयीने त्याने कादंबरीतही चौसष्ट काढल्या होत्या, गंभीर आधी, किरकोळ नंतर. यादी खिशात होती. तळापासून सुरुवात करायची असं त्याने ठरवलं.

"राजपुत्राचा उडता घोडा दर वेळी सहा दहालाच का सुटतो?"

"मग केव्हा सुटावा?" नारायणस्वामींनी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात चौतीस वर्षं काढली होती.

"राजकन्येला राक्षस पळवून नेतोय. आणि हा घोड्यावर बसून सहा दहा व्हायची वाट बघतोय."

"राक्षस सहा पस्तीसचा. गाठ पडते."

"पडते," आशिषने कबूल केलं. "तसा तो गुणच आहे. इतकं वक्तशीर युद्ध मी वाचलं नव्हतं."

"सरी, बरं. पुढे?"

"नवव्या प्रकरणातला मंत्र. तोही गुण. मध्येच इंग्रजी अक्षरं येतात, म्हटलं नागलोकाची भाषा असेल. अर्थ लागत नाही, पण लय अशी की अंगावर काटा येतो."

"मंत्र कुठला?"

आशिषने पान काढून दिलं. नारायणस्वामींनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ही मागची बाजू. हे प्रकरण रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिलंय ना. ह्या अरकोणमच्या मालगाड्या."

"मी तीन पानं मोठ्याने म्हटली," आशिष हळूच म्हणाला. "रूममेटने उदबत्ती लावली."

स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी खुदकन हसलं. श्रीविद्या. तिचं तिसरं हसू. आशिषला जरा हुरूप आला.

"आणि ते... प्रेमाचे प्रसंग. दोघं जवळ येतात आणि मधून हत्ती जातात. सात वेळा. एकदा तर समुद्राच्या तळाशी."

"घरात मुलगी आहे," नारायणस्वामी आवाज खाली आणून म्हणाले.

"आठ वेळा, अप्पा," दारातून आवाज आला. "मीच उतरून काढलं सगळं. हत्ती मोजलेत मी."

नारायणस्वामींनी कॉफी प्यायला सुरुवात केली आणि बराच वेळ ती संपवली नाही. विशालाक्षीबाईंनी डोळ्यांनी आशिषला खूण केली: पुरे, इथेच थांबा. गुण दोन, दोष एक. मधलं काही झालं होतं. आता थांबलं की लग्न जमत होतं.

पण यादीतला पहिला नंबर राहिला होता. गंभीर या सदरात तो एकटाच होता. आशिषने दाराकडे पाहिलं. श्रीविद्या हसत नव्हती. ती त्याच्याकडे असं बघत होती, जणू तिनेही तो नंबर काढून ठेवला होता आणि बघत होती, याला सापडलाय का.

"अजून एक दोष आहे," तो म्हणाला. विशालाक्षीबाईंनी डोळे मिटले. "राजपुत्र लग्नासाठी नागराजाला विचारतो. राजगुरूला विचारतो. राक्षसाला विचारतो, त्याच्या तिन्ही डोक्यांना वेगवेगळं. समुद्राची लेखी परवानगी आणतो. चारशे बारा पानांत राजकन्येला कोणी विचारतच नाही."

खाली मांबलम स्टेशनात गाडी आली आणि गेली. नारायणस्वामींनी घड्याळ बघितलं नाही.

"अय्यो," ते शेवटी म्हणाले. "राहूनच गेलं की."

"आमच्याकडूनही राहिलं," आशिष म्हणाला. "मागच्या रविवारी आईने तुम्हाला विचारलं, बाबांनी काकूंना. माझा पगार तुमच्या शेजाऱ्यांनीसुद्धा विचारला." तो दाराकडे वळला. कान तापले होते. "श्रीविद्या, म्हणजे मला असं म्हणायचंय, की तुमची जर..."

"पूर्ण वाक्य विचारा," श्रीविद्या म्हणाली.

आशिष उभा राहिला. का उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही.

"तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय का?"

विशालाक्षीबाईंनी एक डोळा उघडला. नारायणस्वामींनी घाईघाईने शर्टाच्या खिशातून पेन काढलं, शेवटचं पान गुडघ्यावर पालथं घातलं, आणि लेकीकडे मान वर करून म्हणाले,

"सावकाश सांग हं. मला लिहून घ्यायचंय."