भरलेलं ऑफिस

कंपन्यांचं काम घराघरांतून चालू लागलं आणि ती इमारत ओस पडली. कुणी ती विकत घ्यायच्या विचाराने बघायला आलं, की दलाल वरच्या मजल्यावर निवृत्त माणसांना संगणकांपुढे बसवायचा, म्हणजे ऑफिस भरलेलं दिसे.

"काकू, आजचं गिऱ्हाईक पक्कं आहे," तो त्यांच्यातल्या एका टायपिस्टबाईंना खुशीत म्हणाला. "उद्यापासून घरी मस्त आराम करा."

"घरी आरामच असतो रे. दिवसभर तोंड उघडावं लागत नाही."

गिऱ्हाईक नेमकं त्यांच्याच टेबलाशी थांबलं. "कशी आहे जागा?"

"छान आहे. फक्त पावसाळ्यात छत गळतं."

गिऱ्हाईकाने काढता पाय घेतला. शेजारच्या खुर्चीतले काका कुजबुजले, "अहो, छत तर ठणठणीत आहे!"

"पुढच्या वेळी तुम्ही लिफ्टचं सांगा."