डिस्कचा आवाज

सातवं भोक पाडताना ज्ञानदीपचा ड्रिल बिट मोडला आणि नथूला बरं वाटलं.

तो पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसला होता. समोर त्याचंच ड्रिल मशीन, त्याचाच वाइस, आणि वाइसच्या जबड्यात आवळलेली जावयाच्या नव्या गाडीची ब्रेक डिस्क. मशीन वापरायची परवानगी जावयाने नथूच्या मुलीमार्फत, पंचशीलामार्फत घेतली होती. गेलं वर्षभर नथू त्याच्याशी बोलत नव्हता.

“शीला,” नथूने घरात हाक मारली, “जावईबापूंना सांग, बीड आहे ते, ओतीव लोखंड, लाकूड नाही. एवढा जोर लावायचा नसतो.”

पंचशीला दारात आली. ज्ञानदीप तिच्या बापापासून तीनच हातांवर उभा होता.

“ऐकलं मी, मामाजी,” ज्ञानदीप म्हणाला. सियागंजच्या बाजारातून आणलेल्या पुडीतून त्याने दुसरा बिट काढला. “पूरा व्हिडिओ बघूनच करून राहिलो.”

“व्हिडिओ!” नथू मुलीकडे बघत म्हणाला. “महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं हात काळे केले मी. तेही सांग त्यांना.”

“क्या भिया, रेसिंग की गाडी बन रही?” शेजारच्या शामने भिंतीवरून विचारलं.

“पावसात ब्रेक नीट धरतात,” ज्ञानदीप म्हणाला. “भोकांतून पाणी निघून जातं.”

शामची मान भिंतीआड गेली. राजेंद्र नगरच्या त्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

मागच्या जुलैत खंडव्याहून येताना, सिमरोलच्या घाटात, एका वळणावर विटांची ट्रॉली आडवी आली होती. पाऊस होता. गाडी ज्ञानदीप चालवत होता आणि शेजारी नथूची बायको गिरिजा बसली होती. ज्ञानदीपच्या कपाळाला चार टाके पडले. गिरिजा जागच्या जागी गेली.

“मी ब्रेक मारला होता,” असं ज्ञानदीप तेव्हा सगळ्यांना सांगत होता. पुढे पुढे तो विचारायला लागला, “मारला होता ना मी?” झोपेतही विचारतो, असं पंचशीला म्हणायची.

नथू एकदाच ठाण्याच्या आवारात जाऊन ती चेपलेली गाडी बघून आला होता. अर्धा तास उकिडवा बसून चाकं बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, “बघितली.” त्यापुढे काही नाही. त्याच दिवसापासून त्याने जावयाशी बोलणं सोडलं.

एकट्याने जेवायला बसलं की त्याला गिरिजा आठवायची आणि घास अडायचा. मग ज्ञानदीप आठवायचा आणि घास उतरायचा.

दोन दिवसांनी गिरिजाच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. त्यासाठीच मुलगी-जावई मुक्कामाला आले होते.

दुपारी दोन्ही डिस्क झाल्या. भोकं कडेच्या फार जवळ होती. ज्ञानदीप हात धुवायला आत गेला, तसा नथू उठला. त्याने एक डिस्क बोटात अडकवून उचलली आणि पान्याने हलकेच ठोकली. वर्कशॉपमध्ये असंच तपासायचे. डिस्क घंटेसारखी वाजली. त्याने दुसरी उचलली, ठोकली. ती फुटक्या मडक्यासारखी वाजली.

तडा गेला होता. डोळ्याला दिसत नव्हता, पण होता. घाटात चार वेळा तापली की ती फुटणार.

नथूने डिस्क होती तिथे ठेवली आणि तो परत खुर्चीत येऊन बसला.

ज्ञानदीपने जॅक लावला. चाक काढलं. पहिली डिस्क बसवली. चांगली होती ती. नथू बघत राहिला.

“शीला, तू नको येऊ,” ज्ञानदीप दाराकडे बघून म्हणाला. “मी एकटाच जातो.”

नथूला हायसं वाटलं. मुलगी त्या गाडीत नको, त्याचं तेवढंच अडत होतं.

“कुठं जातो?” पंचशीलाने विचारलं.

“सिमरोलला. त्याच वळणावर. तिकडे पाऊस चालू आहे. ही गाडीपण त्याच मॉडेलची आहे. तेवढ्याच स्पीडने जाऊन ब्रेक मारून बघतो.” दुसरी डिस्क त्याने हातात घेतली होती. “भोकांमुळे थांबली, तर त्या दिवशी दोष डिस्कचा होता. नाही थांबली, तर माझ्या पायाचा. परवा मामीजींच्या फोटोसमोर बसायचंय मला. त्याआधी मला समजलं पाहिजे.”

मग ज्ञानदीप चाकाकडे वळला.

नथू उठला. जावयाच्या हातातून त्याने डिस्क हिसकावली, पोर्चच्या पायरीवर ठेवली आणि कोपऱ्यातला मोठा हातोडा उचलून घाव घातला. एका घावात डिस्कचे दोन तुकडे झाले.

पंचशीला किंचाळली. ज्ञानदीप पुढे आला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. हात काळे होते.

“मला मारा!” तो ओरडला. “एकदाचं मारून टाका, मामाजी! पण हे असं रोज नका!”

भिंतीवर शामचं डोकं पुन्हा वर आलं.

नथूने हातोडा खाली ठेवला. वर्षभरात पहिल्यांदाच शीलाला मध्ये न घेता तो जावयाशी बोलला.

“चाक जाम झालं की टायर एकाच जागी घासतो. त्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर तसे घासलेले होते. तू ब्रेक मारला होतास, ज्ञानदीप. पूरा मारला होतास. ठाण्यात गेलो, त्याच दिवशी मी बघितलं होतं.”