नखाएवढं अस्तर

रब्बी मेशुलम यांनी पाकिटातला पांढरा कापडाचा तुकडा खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि त्यावरचा डाग निरखून पाहिला.

आन्शेल खुर्चीच्या काठावर बसून होता. आतल्या दारात त्याची बायको ब्राइंडल उभी होती आणि तिच्या मागे बटाटे सोलत रब्बीणबाई. ब्रुकलिनच्या त्या कर्मठ ज्यूंच्या गल्लीत, डाग पाळीचा की कसला, अशी शंका घेऊन धर्मगुरूकडे नवराच एकटा येतो. ब्राइंडल मात्र आज हट्टाने सोबत आली होती.

सदतिसाव्या वर्षी, पोटी मूल नसताना, तिची गर्भपिशवी काढली त्याला आठ महिने झाले होते. पिशवीच गेली तर आता कसली पाळी, असं म्हणून रब्बींनीच दोघांना मोकळं केलं होतं. एरवी या घरांतून महिन्याचे बारा दिवस नवरा-बायको एकमेकांना शिवत नाहीत, मिठाची बशीसुद्धा हातात देत नाहीत. या दोघांचं ते सुटलं. आन्शेल येताजाता तिचा हात धरायचा, आणि खरं सांगायचं तर त्या हातावरच बाई तगली होती. आता हे डाग.

"रंगात शंका नाही," रब्बी म्हणाले. "पण आलं कुठून?"

"जखमेतून! दुसरं काय?" आन्शेल घाईने म्हणाला. "टाके अजून ओले असतील. जखमेचं रक्त चालतं ना, रब्बी?"

"जखमेचं चालतं. पण आठ महिने टाके ओले? डॉक्टरांनाच विचारू."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. ब्राइंडलने आपलं नाव सांगितलं, रब्बींशी मोकळेपणी बोला म्हणाली.

"डॉक्टरीणबाई, पिशवी सगळी काढलीत ना?"

"सगळी कुठे? वरची काढली. खालचं तोंड ठेवलंय. कागदावर लिहून दिलं होतं की!"

रब्बींनी आन्शेलकडे पाहिलं. "मला तर तू म्हणालास, काढली."

"काढली म्हणजे... काढलीच ना," आन्शेल पुटपुटला.

"आणि मीही शहाणा, पुढे विचारलं नाही."

"अशा ऑपरेशननंतर काही जणींच्या अंगावरून थोडंथोडं जात राहतं," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "त्यात हिचं वय कमी. आजार असा, की पिशवीचं आतलं अस्तर नको तिथे वाढायचं. बीजकोश दोन्ही जागेवर आहेत, ते दर महिन्याला हाक मारणारच. तोंडापाशी नखाएवढं अस्तर राहिलं असेल, तरी ते त्या हाकेला ओ देतं. मी सगळं तपासलंय, भ्यायचं काही नाही."

"नखाएवढं?" रब्बींचा आवाज खाली आला. "आणि त्याला दिवस कळतात?"

"कळतात. वीस वर्षं हेच काम करतेय, पण खरं सांगू? मला अजून नवल वाटतं."

"मग हे रक्त त्याचंच?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. तोंडाच्या कडेला एक बारीकशी फोडही आहे. तिच्यातूनही डाग पडू शकतात. तिलाच विचारा ना, तिला कळत असेल."

फोन बंद झाला. रब्बींनी चष्मा काढून पुसला.

"ब्राइंडल, याबाबतीत बाईचा शब्द शेवटचा. फोड म्हणालीस तर ती जखम. तुमचं आहे तसंच चालू राहील."

आन्शेल तिच्याकडे बघत होता. म्हण ना, म्हण, असं त्याच्या तोंडावर इतकं उघड लिहिलं होतं की रब्बीणबाईंनी मान फिरवली. ब्राइंडलने नुसता एक शब्द उच्चारायचा होता. खोटाही नव्हता तो, फोड तर होतीच.

"दर अठ्ठावीस दिवसांनी येतं," ती म्हणाली. "चार वेळा मोजलं मी. आदल्या दिवशी कंबर धरते, अगदी पूर्वीसारखी. फोड असती तर कंबर कशाला धरली असती?" ती एक पाऊल पुढे आली. "रब्बी, मला वाटलं होतं मी रिकामी झाले. पण अख्खं घर पाडून नेलं तरी ते बिचारं दाराशी येऊन हजेरी लावतंय. कुणासाठी, कशासाठी, त्याला काही ठाऊक नाही. त्याला मी फोड कशी म्हणू?"

रब्बी उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, भल्याभल्यांसाठी न उठणारा.

"धन्य आहे त्याची, ज्याने हे घडवलं," ते हळूच म्हणाले. आणि मग नेहमीच्या आवाजात, "पाळीच आहे. आजपासून बारा दिवस मोज. मागच्या महिन्यांचा दोष माझ्या मानेवर."

आन्शेलने मान खाली घातली.

"तोंड कशाला पाडतोस रे?" रब्बीणबाई म्हणाल्या. "बारा दिवसांनी कुणी मेलंय का? मी चाळीस वर्षं काढलीत, आणि हे तुमचे रब्बी बघ, धडधाकट आहेत."

आन्शेलला हसू आलं, डोळे मात्र ओलेच राहिले. ब्राइंडल रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर होतं तसं तेज रब्बीणबाईंनी कधी कुणाच्या पाहिलं नव्हतं.

बाहेर दगडी पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. सवयीने आन्शेलने हात पुढे केला, आणि तो तसाच मागे घेतला. मग तिच्या दोन पायऱ्या खाली जाऊन तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि दोन्ही हात पसरून, तिला न शिवता, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरू लागला.