पाचव्या मजल्यावरचं विमान

रिफअतसाहेबांनी दाराच्या कुलपाचं बटण मागितलं, तेव्हा शौकीच्या हातातली कानस थांबली.

"कुठल्या दाराचं?"

"वैमानिकांच्या खोलीचं. प्रवाशांपैकी कुणी आत घुसू नये म्हणून असतं ना, ते." त्यांनी एक फोटो टेबलावर ठेवला. "हुबेहूब हवं, उस्ताद. दाबलं की खट् वाजायला हवं."

अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन भागात शौकीचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. रिफअतसाहेब तिथे सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आले. गणिताचे निवृत्त मास्तर, एकटा जीव, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. घरी संगणकावर विमान चालवतो म्हणाले, पण बाजारातल्या खेळण्यांत जीव नाही. मग शौकीने जुन्या मशीनच्या पायडलांपासून विमानाची पायडलं केली, ट्रकच्या गियरच्या दांड्यांपासून इंजिनांचे दांडे केले, गॅसच्या शेगडीच्या कळा घासून त्यांवर आकडे कोरले. काम मजेचं होतं. दुकानात येईल त्याला तो सांगायचा, मी विमान बांधतोय.

पण हे बटण?

"एवढं कशाला लागतं, साहेब? घरात तुम्ही एकटे. कोण घुसणार?"

"एकही बटण कमी नको," रिफअतसाहेब म्हणाले. "हे खरं नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको."

आठवड्याने शौकी ते बटण बसवायला सिदी बिश्र भागातल्या त्यांच्या घरी गेला. पाचवा मजला. समुद्राकडची खिडकी लावलेली. तो खाली बसून तारा जोडत होता आणि वर रिफअतसाहेब विमान चालवत होते. चालवत कसलं! विमान दर वेळी आकाशातच सुरू व्हायचं, भोंगा वाजायचा, आणि दोन-अडीच मिनिटांत पांढऱ्या मिठागरावर जाऊन आपटायचं. पडदा काळा व्हायचा. रिफअतसाहेब वहीत काहीतरी लिहायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

तासाभरात अकरा वेळा. तेच आकाश, तेच मिठागर.

"उतरवत का नाही, साहेब?" शौकीने हसत विचारलं.

रिफअतसाहेब हसले नाहीत. "ते उतरत नाही," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर शौकीला जेवण गेलं नाही. मुलुखियाच्या पालेभाजीची वाटी तशीच राहिली. त्याची बायको इन्साफ म्हणाली, "अहो, काय झालंय? भूत बघितल्यासारखं काय करताय?"

त्याने सगळं सांगितलं.

"नवशिक्या असेल म्हातारा. शिकेल हळूहळू."

"तो उडवायला शिकत नाहीये, इन्साफ. पाडायला शिकतोय. आणि दाराला आतून कुलूप मी बसवून दिलंय."

तिच्या हातातली भाकरी ताटात पडली. ती म्हणाली, "चौकीवर जा."

"आणि काय सांगू? पहिला प्रश्न विचारतील, हे बनवलं कुणी? म्हातारा राहील बाजूला, मीच आत जाईन."

चार दिवस तो चौकीच्या दारापर्यंत जाऊन परत आला. आकाशात विमानाचा आवाज आला की त्याची मान आपोआप वर जाई आणि विमान ढगाआड जाईपर्यंत श्वास सुटत नसे. पाचव्या दिवशी भर दुपारी त्याने खिशात पेचकस घातला. आपण बनवलेलं आपणच उखडून आणायचं, मग काय व्हायचं ते होवो.

रिफअतसाहेबांनीच दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बरं झालं आलास. मी तुला बोलावणारच होतो. हे एकट्याने होत नाही. दोघं लागतात."

शौकीने उंबऱ्यावरूनच विचारलं, "दोघं कशाला?"

"खऱ्या विमानात दोघं असतात. बस उजवीकडे."

पळावं असं त्याला वाटलं, पण खिशातल्या पेचकसाला हात लावून तो आत गेला. तो बसला. रिफअतसाहेबांनी पट्टा बांधला आणि बटण दाबलं. खट्. त्या कुलपाने काहीही बंद होत नाही हे शौकीला ठाऊक होतं, तरी त्याची नजर दाराकडे गेली.

"तो पिवळा दांडा, पंखांच्या पट्ट्या उतरवण्याचा. मी म्हणालो की खाली ओढायचा. आधी नाही, नंतर नाही."

भोंगा वाजला. दोन्ही इंजिनं बंद पडली. पडद्यावर पांढरं मिठागर मोठं मोठं होत वर येऊ लागलं. शौकीचा हात दांड्यावर होता. हा माणूस मला आपल्या कामात ओढतोय, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो हुकमाची वाट पाहत होता.

"आता!"

शौकीने दांडा ओढला. नाक वर आलं. जमीन अंगावर आली, एक दणका, दुसरा दणका, आणि पडदा काळा झाला नाही. विमान मिठावरून घसरत गेलं आणि थांबलं. अख्खं.

"उतरलं!" शौकी ओरडला. पाच दिवसांची भीती एकदम सुटली आणि त्याला रडूच फुटलं. "अल्हम्दुलिल्लाह! साहेब, उतरलं! सगळे वाचले!"

रिफअतसाहेब पडद्याकडे बघत होते. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी वही उघडली, पेन उचललं, आणि काही न लिहिता खाली ठेवलं.

"रविवारी कोर्टात त्या विमान अपघाताच्या खटल्याची तारीख आहे," ते म्हणाले. "चौकशीवाल्यांनी लिहिलंय, वैमानिकाने मिठागरावर उतरवलं असतं तर ती सगळी माणसं वाचली असती. नसती वाचली, असं मी शपथेवर सांगणार होतो. एकशे ब्याऐंशी वेळा करून बघितलं होतं."

शौकीचा हात अजून दांड्यावरच होता. "वैमानिक कोण होता, साहेब?"

"होती," रिफअतसाहेब म्हणाले. "माझी लेक."