पडलेल्या उंबरापासून दोनशे मीटर

मारितबाई नॉर्वेहून कोस्टा रिकातल्या आमच्या डोंगरावर घर बांधायला आल्या, तेव्हा त्यांचा गवंडी मीच. पहिल्याच दिवशी सिमेंटच्या गाडीवाल्याला मी फोनवर पत्ता सांगितला, "जुन्या उंबरापासून दोनशे मीटर वर ये."

"एलादियो, इथं उंबर कुठाय?" बाईंनी विचारलं.

"पडला की. तीस वर्षं झाली."

"मग त्याला कळणार कसं?"

"उंबर कुठं नाहीये, ते अख्ख्या गावाला पाठ आहे, बाई."

बाईंनी कपाळावर हात मारला. गाडी मात्र बरोबर दारात आली.

ऑक्टोबरच्या पावसात डोंगर खचला आणि छपरापर्यंत आलेलं घर रात्रीतून दरीत गेलं. बाईंनी परतीचं तिकीट काढलं. निरोप घ्यायला त्या आमच्याकडे आल्या आणि बायकोनं त्यांच्या हातात गुळाच्या गरम पाण्याचा पेला दिला, तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. नातीच्या बाप्तिस्म्याला येणारी तिची मावशी वाट विचारत होती.

"अगं मावशी, सोपं आहे," बायको ओरडून सांगत होती. "मारितबाईंच्या घरापासून पन्नास मीटर अलीकडे!"

बाईंनी पेला खाली ठेवला. "एलादियो, तिथं नुसता चिखल आहे रे."

"मग? उंबर तरी कुठाय?"

बाई आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग माझा फोन मागून घेतला आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "सिमेंट घेऊन ये. माझं घर जिथं नाहीये ना, तिथून तीस मीटर उजवीकडे. तिथं खडक पक्का आहे."