पावणेचार फूट

“ही अकरा राहू द्यावीत असं मला वाटतं,” प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेवटचं चित्रही भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

चित्रकाराच्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं. वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या कामाच्या खोलीतून सकाळपासून चाळीस चित्रं खाली गेली होती. तीन जिने, लिफ्ट नाही. हमाल दर फेरीला विचारत होते, चित्रकारांना तळमजला वर्ज्य असतो का. आता शेवटच्या सहा वर्षांतली ही अकरा तेवढी उरली होती. टेम्पो पाचपर्यंत थांबणार होता, आणि न्यायची की ठेवायची हे तिनेच सांगायचं होतं.

बाई चांगल्या मनाने बोलत होत्या. पण अडचण खरी होती. ज्या माणसाने जन्मभर चेहरे रंगवले, त्याने या चित्रांत चेहरेच ठेवले नव्हते. चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे पट्टे, खिसे, पिशव्या धरलेले हात दिसत होते आणि छातीपाशी चौकट संपत होती. बँकेचा काउंटर भिंतीसारखा समोर उभा होता. त्यामागच्या कारकुनाचा नुसता भांग दिसत होता. एक कुत्रा मात्र सरळ डोळ्याला डोळा भिडवून पाहत होता.

“सगळ्या चित्रांत पाहणाऱ्याची नजर जमिनीपासून पावणेचार फुटांवर आहे,” बाई म्हणाल्या. “मी मोजून पाहिलं. एवढ्या उंच माणसाला आठ वर्षांच्या मुलासारखं का दिसायला लागलं असेल, देव जाणे.” हात थकला असेल, मनही थकलं असेल, असं त्यांचं म्हणणं. लोक हळहळतील नाहीतर हसतील, आणि त्यांना दोन्ही नको होतं.

भावाने फोनवर दोन वाक्यांत निकाल लावला होता. ठेव घरी. बाबांचं हसं व्हायला नको.

तिला मात्र निकाल लागत नव्हता. चित्रं बिघडली म्हणावीत, तर रंग पूर्वीइतकेच नेमके होते. तिने एकेक चित्र पुन्हा सरळ केलं, दूर जाऊन पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. दर वेळी वाटे, आपणच चुकीच्या जागी उभ्या आहोत. बरोबर जागा कुठली, ते कळेना.

शिवाय या चित्रांवर तिचा राग होता. आईचे पाय गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आई या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. बाबा मात्र रोज तीनच्या ठोक्याला स्टूल काखेत मारून बाहेर पडायचे, ते दिवेलागणीला परत. शेवटच्या फोनवर तिने त्यांना सुनावलं होतं, आई चाकांच्या खुर्चीत बसून भिंती मोजते आणि तुम्ही गावभर रंगवत फिरता. “झालंच आता,” ते म्हणाले होते, “एकच राहिलंय.” तिने पुढचं ऐकलं नाही. फोन ठेवून दिला.

सकाळी तिने आईलाही विचारून पाहिलं होतं. “मला चित्रातलं काय कळतंय?” आई म्हणाली होती. “मी आपली बघते आणि दमते.” मुलीने ती नापसंतीच समजली होती.

चार वाजून गेले. बाई थकून बाबांच्या स्टुलावर टेकल्या आणि त्यांचे गुडघे हनुवटीशी आले. स्टुलाचे चारही पाय कुणीतरी करवतीने कापून आखूड केले होते. मुलगी रंगांची पेटी आवरत होती. तळाशी एक दोरा निघाला. एका टोकाला लोखंडी नट, वरच्या बाजूला एक गाठ, आणि गाठीला लाल रंग लावलेला. हा ओळंबा, बाई म्हणाल्या, गवंड्यांसारखा चित्रकारही वापरतात, उभी रेघ सरळ आहे का ते बघायला. मग गाठ कशाला?

“सापडला का दोरा?” आई खुर्ची ढकलत दारात आली. “दे इकडे. माझं माप आहे ते.”

तिने नट जमिनीला टेकू दिला, पाठ ताठ केली आणि दोरा ताणून धरला. लाल गाठ बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आली.

“ह्यांनी घेतलेलं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, खुर्चीचं माप डोळ्यांपर्यंत कशाला लागतं? तर म्हणे, नवी करवून घेतो, तू हलू नकोस. जरा हलले की खेकसायचे. सहा वर्षं झाली, खुर्ची काही आली नाही.”

मुलीने बाईंना उठवलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसली. समोर बँकेचं चित्र होतं. काउंटर जिथे असायला हवा तिथे होता. ती पुढचं चित्र लावत गेली. कोपऱ्यावरचं दुकान, पूल, बागेतला कुत्रा. खालचा सगळा रस्ता, खुर्चीतून जाणाऱ्या आईला दिसला असता तसा.

शेवटचं चित्र खाली ठेवून ती उठली.

“अकराही न्या,” ती शेवटी म्हणाली. “फक्त खिळे खाली ठोका.”

“किती खाली?”

तिने आईच्या हातातून दोरा सोडवून घेतला आणि बाईंना दिला. आईला ते फारसं आवडलं नाही.

“आठवणीने परत आणा हं,” ती म्हणाली. “खुर्ची व्हायचीये अजून.”