स्वच्छ आवाज

लोकगीतांच्या वेबसाइटवर अप्पारावांच्या नावानं रोज एकच ओवी वाजतेय, हे पाहून सुमेधा मॅडम थेट मंठ्याजवळच्या त्यांच्या गावी आल्या. ऐकणारे कोण आणि त्यांना काय हवंय, हे शोधणं हेच त्यांचं काम.

ओवी होती शेजारच्या गयाबाईंनी गायलेली, भीमावरची. फार वर्षांपूर्वी अप्पारावांच्याच घरात, जात्यावर बसवून रेकॉर्ड केलेली.

"काका, काय आवडतं हो त्यातलं?"

अप्पाराव लाजले. लेकीच्या वयाच्या बाईला काय सांगावं! "आवडती, बस," एवढंच म्हणाले.

मॅडमनी हेडफोन लावला आणि तोंड वाकडं केलं. "केवढा गोंगाट आहे मागं! भांडी काय, बोलणं काय! त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"न्हाई, न्हाई, बिलकुल न्हाई! ऱ्हाऊ द्या ताई तसंच. बराबर हाय."

माणूस भिडस्त आहे, मॅडमनी मनाशी ताडलं.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "काका, खास तुमच्यासाठी साफ करून घेतलंय. ऐका आता!"

अप्पारावांनी घाईघाईनं ओवी लावली. गयाबाईंचा शब्द न् शब्द खणखणीत येत होता. त्यांनी पुन्हा लावली. मग मोबाइल कानाशी घट्ट दाबून पुन्हा एकदा.



मागं भांडी घासता घासता "अवो, च्या निवून राह्यला तुमचा" म्हणणारी बेबीनंदा वारली त्याला दोन वर्षं झाली होती; ओवीतून ती आज गेली.